हंगामी ट्रेलरवरची शनिवार-रविवारची कामे

कॅनडाच्या ऑंटेरियो प्रांतातल्या कॉटेजच्या किमती ऐकून जी कुटुंबे माघारी फिरतात, त्यांना तळ्याकाठी उन्हाळा घालवण्याचा एक मार्ग उरतो, तो म्हणजे हंगामी ट्रेलर पार्क. ह्यूरन सरोवराच्या काठी सॉबल बीच आणि ग्रँड बेंड, ईरी सरोवराच्या काठी टर्की पॉइंट आणि लाँग पॉइंट, पीटरबरोच्या दक्षिणेला राइस लेक आणि त्याच्या वर कवार्था लेक्सचा सगळा पट्टा, अशी ही पार्क विखुरलेली आहेत. इथला ट्रेलर चाकांवर असला तरी तो गाडीमागे जोडून फिरवायचा नसतो. पार्कने आखून दिलेल्या तुकड्यावर तो वर्षानुवर्षे उभा राहतो. त्याला पाणी, वीज आणि काही ठिकाणी सांडपाण्याची जोडणी मिळते आणि आपण जागेचे भाडे भरायचे असते. काहींकडे साधा ट्रॅव्हल ट्रेलर असतो, तर काहींकडे ‘पार्क मॉडेल’, म्हणजे सुमारे ५० चौरस मीटरपर्यंतचे छोटे घरच. फाटक साधारणपणे मेच्या सुरुवातीला उघडते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या सुमारास पाणी बंद होते आणि त्यानंतर वसंतापर्यंत तिथे राहता येत नाही.

म्हणजे हाताशी पाच महिने, आणि त्यातलेही फक्त शनिवार-रविवार. शुक्रवारी महामार्गावरची कोंडी पार करून पोहोचेपर्यंत रात्र होते आणि रविवारी दुपारी आवराआवर सुरू होते, त्यामुळे खरे काम शनिवारीच होते. अशा वेळी कोणते काम आधी हे ठरवणे फार महत्त्वाचे असते. माझे मत असे की पहिल्या वर्षी डेक (बाहेरचा लाकडी ओटा), रंगीत दिवे आणि फुलझाडे यांच्या मागे न लागता पाणी, ट्रेलरची पातळी आणि छप्पर ही तीन कामे पुरी करावीत आणि पुढे जे काही बांधायचे ते सुटे करता येईल असेच बांधावे. जमीन आपली नसते हे त्याचे एक कारण, आणि हिवाळा हे दुसरे. दक्षिण ऑंटेरियोत जमीन सुमारे १.२ मीटर खोलीपर्यंत गोठू शकते. गोठलेली माती फुगते, तिच्यावर ठेवलेली वस्तू उचलली जाते आणि बर्फ वितळल्यावर ती पुन्हा खाली बसते, परंतु पूर्वीच्याच जागी बसेल याचा भरवसा नसतो.

आधी करार

ट्रेलर घेताना ट्रेलरपेक्षा करार अधिक बारकाईने वाचावा. भाडेकरूंना संरक्षण देणारा ऑंटेरियोचा २००६ चा रेसिडेन्शियल टेनन्सीज ॲक्ट अशा हंगामी वास्तव्याला लागू होत नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी जागा मिळेल का, भाडे किती वाढेल, ट्रेलर विकल्यास नव्या मालकाला तीच जागा राहील का, या सगळ्याची उत्तरे त्या कागदावरच शोधावी लागतात. अनेक पार्क ठरावीक वर्षांपेक्षा जुना ट्रेलर जागेवर विकू देत नाहीत. स्वस्तात मिळणारा जुना ट्रेलर नेमका इथे महाग पडतो. भाड्यावर १३ टक्के एचएसटी (विक्रीकर) पडतो. मीटरप्रमाणे विजेचे बिल, मैला उपसण्याचे शुल्क आणि पाहुण्यांचे दर वेगळे आहेत का, तेही विचारून घ्यावे. पाहुण्यांचा मुद्दा आपल्या मंडळींनी अंमळ जास्तच गांभीर्याने घ्यावा, कारण दिवसभरासाठी म्हणून आलेल्या चार गाड्या कुठे लावायच्या हा प्रश्न फाटकावरच उभा राहतो.

मे महिना: पाणी सोडणे

कोकणात पावसाआधी घराची शाकारणी होते, तशीच ही मे महिन्यातली उघडणी असते. तिच्यात हयगय केली की सगळा हंगाम निस्तरण्यात जातो. या कामाला दोन माणसे हवीत. एकाने बाहेर पार्कच्या नळाशी थांबावे आणि दुसऱ्याने बॅटरी घेऊन आत. नळाला आधी दाब कमी करणारा रेग्युलेटर लावावा, कारण ट्रेलरच्या बारीक नळ्यांना ४० ते ५० पीएसआयपेक्षा (पीएसआय हे दाबाचे एकक) जास्त दाब मानवत नाही, आणि पार्कचा दाब दिवसभर सारखा नसतो. त्यापुढे पिण्याच्या पाण्यासाठी मान्य असलेली पांढरी किंवा निळी नळी जोडावी. बागेची हिरवी नळी वापरल्यास पाण्याला रबराची चव येते आणि ती आरोग्यालाही चांगली नाही.

पाणी सोडण्यापूर्वी शरद ऋतूत उघडून ठेवलेली सगळी निचऱ्याची बुचे परत बसवली आहेत का आणि पाणी तापवण्याच्या टाकीचा विजेचा खटका बंद आहे का, हे पाहावे. टाकी रिकामी असताना खटका चालू राहिला तर आतले तापणारे कॉइल काही क्षणांत जळते. मग नळ अगदी थोडा उघडावा आणि आतल्या माणसाने सिंकखाली, शौचालयाच्या झडपेमागे आणि बाहेरच्या शॉवरच्या पेटीत कोरडा टिश्यू पेपर फिरवावा. डोळ्यांना न दिसणारी ओल कागदावर लगेच उमटते. हिवाळ्यात तडकतात ते बहुतेक वेळा प्लॅस्टिकचे कोपरे आणि झडपा; सरळ नळी क्वचितच फुटते. सांध्यातून थेंब येत असेल तर पाना घेऊन आवळण्यापूर्वी आतले वायसर तपासावे, कारण कडक झालेले वायसर कितीही आवळले तरी गळायचे थांबत नाही.

गळती नाही अशी खात्री झाली की एकेक तोटी उघडून मागच्या वर्षीचे गुलाबी अँटिफ्रीझ (हिवाळ्यात नळ्या फुटू नयेत म्हणून भरलेला न गोठणारा द्रव) वाहून जाऊ द्यावे. रंग गेला तरी फेस राहतो. फेस जाईपर्यंत पाणी चालू ठेवावे. त्यानंतर पाणी तापवण्याच्या टाकीच्या बायपासच्या (टाकी वगळून पाणी पुढे नेणाऱ्या) झडपा नेहमीच्या स्थितीत आणून गरम पाण्याची तोटी उघडी ठेवावी आणि ती थुंकत थुंकत न येता सलग धार धरू लागली, की मगच तापवण्याचा खटका लावावा. पिण्याच्या पाण्याची साठवण टाकी वापरणार असल्यास दर ६० लिटर पाण्याला साधारण पाव कप साधे, बिनवासाचे ब्लीच घालून ते पाणी सर्व नळांतून खेळवावे, रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी वास जाईपर्यंत धुऊन काढावे. शनिवारी दुपारी हे सुरू केले तर रविवारी सकाळी चहाला पाणी तयार असते.

सांडपाण्याबद्दल थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. सांडपाण्याची थेट जोडणी असली तरी मैल्याच्या टाकीची झडप कायम उघडी ठेवू नये. तशी ठेवल्यास पाणी वाहून जाते, घट्ट भाग तळाशी साचतो आणि तो पुढे काढणे नकोसे होते. टाकी दोन-तृतीयांश भरू द्यावी, मग झडप एकदम उघडावी आणि तिच्यानंतर बेसिन-मोरीच्या पाण्याची टाकी सोडावी, म्हणजे तिच्या पाण्याने नळी धुतली जाते. शौचालयात पाणी वापरण्याची आपली सवय इथे फायद्याचीच ठरते, कारण भरपूर पाण्याने टाकी स्वच्छ राहते. मात्र जिथे जोडणी नसून मैला उपसणारी गाडी येते, तिथे टाकी लवकर भरते आणि प्रत्येक फेरीचे पैसे पडतात. तळणीचे तेल मोरीत ओतण्याचा मोह टाळावा; बारीक नळीत थिजलेले तेल उकळत्या पाण्यानेही नीट निघत नाही. ते डब्यात भरून शहरात परत न्यावे.

पातळी, वीज आणि गॅस

हिवाळ्यानंतर ट्रेलर एका बाजूला कलला आहे का, हे फ्रिजचे दार सांगते: ते आपोआप उघडू किंवा मिटू लागले की समजावे. पाणसळ ट्रेलरच्या आतल्या जमिनीवर लांबीत आणि रुंदीत ठेवून पाहावी आणि खाली गेलेली बाजू बाटली-जॅकने मुख्य पोलादी चौकटीखालून उचलून ठोकळ्यांवर टेकवावी. कोपऱ्यांवरचे बारीक जॅक फक्त हेलकावा थांबवण्यासाठी असतात. त्यांनी ट्रेलर उचलायला गेल्यास ते वाकतात. उचलताना चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावावेत आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या ट्रेलरखाली कधीही शिरू नये. महागड्या ठोकळ्यांची गरज नाही. सपाट काँक्रीट फरशीवर प्रक्रिया केलेल्या लाकडाचे जाड तुकडे रचले की पुरते.

वीज बहुतेक जागांवर ३० अँपिअरची आणि १२० व्होल्टची असते, म्हणजे एकूण ३,६०० वॅट. वातानुकूलन यंत्र साधारण दीड हजार वॅट घेते, किटली दीड हजार, आणि पाणी तापवण्याचे कॉइल जवळपास तेवढेच. ही तिन्ही एकत्र चालू झाली की खटका पडलाच. चहा करताना वातानुकूलन बंद करायचे, हा नियम घरातल्या सर्वांना माहीत असावा. जोडणीची वायर दहा गेज जाडीची हवी आणि तिचा प्लग हाताला गरम लागत असेल तर तो लगेच बदलावा. खांबावरची किंवा ट्रेलरच्या आतली कायमची वायरिंग बदलायची असेल तर ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडे द्यावे आणि इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑथॉरिटीकडे त्याची नोंद होते का ते विचारावे. प्रोपेनच्या जोडणीचेही तसेच. आपण फक्त साबणाचे पाणी सांध्यांवर फासून बुडबुडे येतात का एवढे पाहायचे. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे त्याची गळती कळवणारा सूचक जमिनीलगत बसवलेला असतो आणि चपलांचा ढीग नेमका त्याच्यासमोर पडतो. धूर, कार्बन मोनॉक्साइड आणि गॅस या तिन्ही सूचकांच्या पाठीवर मुदत छापलेली असते, ती पाहावी. फोडणीने धुराचा सूचक कोकलतो म्हणून काही जण त्याची बॅटरीच काढून ठेवतात. त्यापेक्षा फोडणी बाहेरच्या शेगडीवर करावी, म्हणजे हळदीचे डागही गाद्यांवर पडत नाहीत.

छप्पर

ट्रेलर म्हातारा होत नाही, तो भिजून मरतो. छतावर एअर व्हेंट, नळ्या आणि कडांभोवती जो मऊ लेप असतो, त्याला भेगा पडल्या की पाणी आत शिरते, भिंतीच्या पोकळीतून उतरते आणि भलत्याच ठिकाणी दिसते. मे आणि सप्टेंबर असे दोनदा छत पाहावे. रबरी छतावर सिलिकॉन किंवा डांबरयुक्त पदार्थ लावू नये; पेट्रोलियमजन्य पदार्थाने ते रबर फुगते आणि सिलिकॉनवर पुढे दुसरे काही चिकटत नाही. आडव्या जागेसाठी आपोआप पसरणारा लॅप सीलंट मिळतो आणि उभ्या कडांसाठी न ओघळणारा. जुना लेप घट्ट असेल तर खरवडत बसू नये, धुऊन, वाळवून त्यावरच नवा द्यावा.

आतून तपासण्यासाठी अंगठा पुरेसा आहे. खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांशी, पलंगाच्या उशाकडच्या भिंतीवर आणि दारालगतच्या जमिनीवर जोराने दाबावे. निरोगी पटल टणक लागते. आतून कुजलेले किंचित दबते आणि सोडल्यावर हळूच परत येते, वरचा कागद मात्र नवाकोरा दिसत राहतो. जुना ट्रेलर विकत घेतानाही हीच परीक्षा करावी, मग विक्रेता कितीही घाईत असो.

डेक

आता मुख्य हौसेचे काम. करवत हातात घेण्याआधी पार्कच्या कार्यालयातून लेखी परवानगी घ्यावी. नगरपालिकेचा बांधकाम परवाना लागतो का, आणि पाण्यालगतची जागा असेल तर कॉन्झर्व्हेशन ऑथॉरिटीची (पाणलोट क्षेत्र सांभाळणाऱ्या संस्थेची) संमती लागते का, तेही तिथेच विचारावे. खांबांसाठी खड्डे खणायचे असल्यास जमिनीखालच्या नळ्या-वायरी कुठून जातात ते दाखवून देणाऱ्या ऑंटेरियो वन कॉल या सेवेला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, पण पार्कच्या खाजगी नळ्या आणि वायरी त्या नकाशात नसतात. माझा सल्ला असा की खणूच नये.

जमिनीवर काँक्रीटचे डेक-ब्लॉक ठेवून त्यावर तरंगता डेक करावा. एकच मोठी चौकट करण्याऐवजी चार फूट बाय आठ फुटांचे तुकडे बनवून ते बोल्टने जोडावेत. असा एक तुकडा चौघांना उचलता येतो, वसंतात एक कोपरा खचला तर तेवढाच तुकडा सोडवून खाली खडी भरता येते, आणि जागा सोडावी लागली तर डेक बरोबर नेता येतो. आडवे वासे सोळा इंचांवर ठेवावेत. गवताचे मूळ काढून, जाळीदार कापड अंथरून त्यावर बारीक खडी टाकली की खालून ओल कमी येते.

दुकानातली दाबप्रक्रिया केलेली (कुजू नये म्हणून दाबाखाली रसायन मुरवलेली) फळी बऱ्याचदा ओली असते. ती वाळताना आकसते, म्हणून दोन फळ्यांत मुद्दाम फट ठेवू नये. चिकटून बसवल्या तरी काही आठवड्यांत पाव इंचाची फट आपोआप तयार होते. कापलेल्या टोकांना संरक्षक द्रव लावायला विसरू नये, कारण दाबप्रक्रिया फळीच्या गाभ्यापर्यंत पोहोचलेली नसते आणि कुजणे तिथूनच सुरू होते. स्क्रू अशा लाकडासाठीच बनवलेले घ्यावेत, साधे वर्षभरात गंजतात. रंगाची घाई करू नये. फळीवर पाण्याचे चार थेंब टाकून पाहावेत: ते मण्यांसारखे वर उभे राहिले तर लाकूड अजून ओले आहे, मुरले तर रंग देता येईल. बहुतेक वेळा मे महिन्यात बांधलेल्या डेकला ऑगस्ट उजाडतो.

डेक ट्रेलरला स्क्रूने जोडू नये. दोघे वेगवेगळे हलतात, आणि भिंतीत पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दिलेले आमंत्रण. अर्धा इंच अंतर पुरे. ट्रेलरभोवती जाळीचे किंवा व्हिनाइलचे वेष्टन लावायचे असेल तर हवा खेळेल अशी मोकळीक ठेवावी आणि झडपांसमोरचा तुकडा उघडता येईल असा करावा. उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून शिरतो. नळ्या आत जातात तिथल्या फटीत स्टीलचा काथ्या कोंबून वर फोम भरावा.

शेजार

पार्कमध्ये संपूर्ण हंगाम राहणारी निवृत्त जोडपी बरीच असतात. कोणती नळी कुठून जाते, कोणता कोपरा पावसात तुंबतो, हे त्यांना कार्यालयापेक्षा चांगले ठाऊक असते. त्यांच्याशी ओळख करून घ्यावी. ओळखीला गरम भजी पुरतात. करवतीचा आवाज शनिवारी दिवसा चालतो, रविवारी सकाळी विचारून करावा, आणि रात्री अकरानंतर शांतता ही बहुतेक पार्कांत अट असते. १ जुलैचा कॅनडा दिन, जुलैतच साजरा होणारा गमतीचा नाताळ, उन्हाळ्याअखेरीचा हॅलोविन, सामुदायिक जेवणे, गोल्फ कार्टची सजावट, यांत मुले रमतात आणि आपणही सामील व्हावे. गणपती हंगामातच येतात. ट्रेलरवर बसवल्यास विसर्जन बादलीत करावे, तळ्यात काही सोडू नये.

जळाऊ लाकूड शहरातून नेऊ नये. ॲश झाडे पोखरणारा एमराल्ड ॲश बोरर हा किडा २००२ मध्ये विंडसरच्या भागात आढळला आणि ओंडक्यांबरोबर दूरवर पसरला. लाकूड पार्कच्या आसपासच विकत घ्यावे. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काळ्या माश्या चावतात, तेव्हा बाहेरची कामे वारा असलेल्या दिवशी करावीत. उंच गवतातून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत आणि मुलांच्या केसांत गोचीड पाहावी, कारण काळ्या पायांच्या गोचिडीमुळे लाइम रोग होतो.

ऑक्टोबर: पाणी काढणे

गोठताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, आणि नळीत उरलेले कपभर पाणी झडप फोडायला पुरेसे असते. म्हणून हे काम पहिल्या कडक थंडीपूर्वी, शक्यतो सप्टेंबरअखेर ठरवून ठेवावे. सर्व टाक्या सोडाव्यात. पाणी तापवण्याच्या टाकीची वीज आणि गॅस बंद करून ती पूर्ण गार होऊ द्यावी, दाब सोडावा आणि मगच बूच काढावे. पोलादी टाकी असेल तर त्या बुचाला धातूची कांडी असते; तीन-चतुर्थांश झिजली असेल तर बदलावी. त्यानंतर टाकी बायपास करावी, नाहीतर सगळे अँटिफ्रीझ तिच्यातच जाते.

अँटिफ्रीझ ट्रेलरसाठीचे गुलाबी, प्रोपिलीन ग्लायकोलचेच घ्यावे. मोटारीतले विषारी असते. पंपाची नळी जगमध्ये बुडवून सर्वांत लांबच्या तोटीपासून सुरुवात करावी: आधी थंड, मग गरम. आधी स्वच्छ पाणी येते, मग फिकट, आणि शेवटी दाट गुलाबी धार लागते. ती दिसेपर्यंत थांबावे. शॉवर, शौचालय, बाहेरचा शॉवर आणि बाहेरून पाणी घेण्याचे तोंड यांतले एकही सुटू नये. शेवटी प्रत्येक मोरीत कपभर ओतावे, कारण वाकड्या नळीतले पाणीही गोठते. साध्या ट्रेलरला साधारण तीन जग लागतात.

फ्रिज पुसून दार उघडे राहील असे अडकवावे, गाद्या उभ्या कराव्यात, धान्य आणि मसाले सगळे घरी न्यावेत आणि बॅटरी काढून घ्यावी. छत्री किंवा ऑनिंग (दारापुढचे कापडी छप्पर) उतरवावे. ह्यूरन आणि जॉर्जियन बेच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात सरोवरावरून येणारा बर्फ एका रात्रीत इतका साठतो की हलके छप्पर बसते. छताचे फोटो काढून ठेवावेत, विम्यासाठी उपयोगी पडतात.

अनेक पार्क याच सुमारास पुढच्या वर्षीची अनामत मागतात. ती भरण्यापूर्वी नव्या कराराची प्रत मागवून मागच्या प्रतीशेजारी ठेवून वाचावी. भाडे, ट्रेलरच्या वयाची अट आणि डेकसंबंधीचे कलम, बदल बहुधा या तीन ठिकाणीच झालेला असतो.